‘रन’चं काय करायचं, मॅडम?

मागच्या अंकात मी विचारलं होतं की इंग्रजीतलं कोणतं एक क्रियापद तुम्हाला सगळ्यात जास्त छळतं ते कळवा, तर पत्रांचा ढीग आला आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या ‘रन’वर आहेत. मला वाटलं होतं ‘गेट’चा नंबर पहिला लागेल, पण नाही लागला. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम ‘रन’ला देतेय. पत्रं जागेपुरती कापली आहेत आणि नावं मुद्दाम छापली नाहीत, कारण काही जणांनी आपली फजिती फार मोकळेपणाने लिहिलीय.

नागपूरच्या इतवारीतून एक वाचक: मॅडम, आमचं इतवारीत धान्याचं दुकान आहे, आजोबांपासून. मी बीकॉम केलं आणि मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. घरच्यांबद्दल विचारलं, मी म्हटलं शॉप आहे, तर इंटरव्ह्यू घेणाऱ्या दोघांपैकी एक जण म्हणाले, हू रन्स इट? मी गडबडलो नं, मला वाटलं दुकानात धावपळ कोण करतं असं विचारून राह्यले, म्हणून मी म्हटलं, नोबडी रन्स सर, वुई सिट ओन्ली. दोघंही हसले. नोकरी लागली नाही, तेच कारण असेल असं नाही, पण त्या रात्री झोप नाही आली. घरी येऊन डिक्शनरी काढली तर ‘रन’चे रकानेच्या रकाने. हे सगळं पाठ करायचं का? अर्थ आहेत तरी किती?

भाऊ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते हसले हे मला आवडलं नाही, कारण चूक तुझी नव्हतीच, चूक त्या एका ओळीची आहे जी आपण सगळ्यांनी शाळेत वहीत उतरवली: रन म्हणजे धावणे. बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, सुरुवातीची कितीतरी वर्षं हीच ओळ मीही फळ्यावर लिहायची, आणि पुढे कधीतरी लक्षात आलं की पोरांचं घोडं इथेच अडतंय.

आता आकडा. ऑक्सफर्डची जी मोठी इंग्रजी डिक्शनरी आहे, जिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, तिच्यात बरीच वर्षं सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ त्याच्या पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि ते लावायला पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना नऊ महिने लागले. ज्यांचं पोटच शब्दांवर आहे अशा माणसाला एका शब्दाला नऊ महिने, मग तुला एका मिनिटात नाही सुचलं तर त्यात एवढं काय रे.

पण पाठ करायचं नाही, अजिबात नाही. मी जे सांगते ते नीट बघ. फार जुन्या इंग्रजीत हे एक क्रियापद नव्हतंच, दोन होती. एक ‘रिनन’, म्हणजे आपणहून धावणं आणि पाण्यासारखं वाहणंसुद्धा (जर्मनमध्ये ‘रिनेन’ आजही वाहणं-पाझरणं या अर्थानेच आहे), आणि दुसरं ‘आर्नन’, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा वगैरे पळवणं. पुढे दोन्हींचे उच्चार जवळ येत येत एकच शब्द उरला, ‘रन’. आता आपल्याकडे बघ, आपण ही जोडी अजून वेगळी ठेवलीय: पळणे-पळवणे, चालणे-चालवणे. मशीन चालते, आणि मशीन चालवतो. इंग्रजाकडे दोन्हीला एकच. द मशीन रन्स, आणि ही रन्स द मशीन. म्हणजे हू रन्स द शॉप याचं सरळ मराठी काय, तर दुकान कोण चालवतं. माय फादर रन्स द शॉप, माय ग्रँडफादर रॅन इट बिफोर हिम. झालं.

म्हणून माझा सगळ्यांना एकच आग्रह आहे, ‘रन’ दिसला की ‘धावणे’ला हात लावायचा नाही, पहिले ‘चालणे’ लावून बघायचं, मग ‘चालवणे’, आणि तेही नाही बसलं तर ‘वाहणे’. बघा किती कुलुपं उघडतात. मेट्रो खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत चालते, रन्स. नाटक सहा महिने चाललं, रॅन फॉर सिक्स मंथ्स. दुकानाचा भाडेकरार मार्चपर्यंत चालू आहे, द लीज रन्स टिल मार्च. कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला, रन केला. नाग नदी शहरातून वाहते, रन्स थ्रू द सिटी. रंग धुण्यात गेला, म्हणजे वाहिला, द कलर रॅन. वर्धा रोड दक्षिणेकडे जातो, रन्स साऊथ, इथे आपण ‘जातो’ म्हणतो पण डोळ्यापुढे चित्र तेच, न थांबता पुढे पुढे सरकणारी एक रेघ. वाफेची इंजिनं आली, कारखाने आले, रेल्वे आली, तसं न थांबता चालणाऱ्या वस्तूंचं प्रमाणच जगात वाढलं आणि त्या प्रत्येकीला इंग्रजांनी हाच तयार शब्द चिकटवला, त्यामुळे अर्थांचा असा पसारा झाला.

एक गोष्ट सांगते, वर्गातली. सकाळच्या शाळेत मी सातवीला विचारलं की घरून निघताना काय काय पाहिलंत ते इंग्रजीत लिहा. एका मुलीने लिहिलं, द टॅप केम ॲट सिक्स, माय मदर फिल्ड द ड्रम, देन द टॅप वेंट. मी लाल पेन उचललं आणि थांबले. कारण तिने आपल्या घरातलं मराठी जसंच्या तसं लिहिलं होतं, नळ आले, आईने ड्रम भरला, नळ गेले. आपल्याकडे नळ येतो आणि जातो, पाहुण्यासारखा, त्याची वाट बघतात, आला की घरभर आवाज देतात. ज्या गावात नळाला चोवीस तास पाणी असतं तिथे त्याचं येणं-जाणं कशाला कोणी मोजेल, तिथे तो नुसता रन होतो, द टॅप इज रनिंग, आणि आंघोळीसाठी टब भरायला सोडला तर आय ॲम रनिंग अ बाथ. मी त्या मुलीच्या वहीत चूक नाही काढली. खाली लिहून दिलं की इंग्रजीत असं म्हणतात, आणि तुझं वाक्य मराठीत सुंदर आहे.

तू पुन्हा इंटरव्ह्यू दे. आणि दुकानाबद्दल सांगताना मान वर करून सांग, तीन पिढ्या एक दुकान रन करणं सोपं नसतं.

नंदनवनहून एक आई: माझा मुलगा केजीत आहे. शाळेतून मेसेज आला, युअर सन इज रनिंग अ टेम्परेचर. मी ऑफिसमध्ये होते, घाईत वाचलं, मला फक्त रनिंग दिसलं, वाटलं वर्गात धावून राह्यला असेल, आणि मी रिप्लाय केला, प्लीज स्कोल्ड हिम. दुपारी आणायला गेले तर पोरगा तापाने फणफणलेला, टीचरच्या मांडीवर झोपलेला. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. टेम्परेचर कसं काय रन करतात?

ताई, पोरगं आता बरं आहे असं तुम्ही पुढे लिहिलंय म्हणून जीव भांड्यात पडला. तो अपराध मनातून काढून टाका, शाळेनेही साध्या शब्दांत ‘ही हॅज फीवर’ लिहिलं असतं तर बिघडलं नसतं, आईबापांना पाठवायचा मेसेज सोपाच असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता अर्थ. टेम्परेचर तर सगळ्यांनाच असतं, तुम्हाला-मला, भिंतीलासुद्धा. पण रनिंग अ टेम्परेचर म्हटलं की अंगात ताप आहे असाच अर्थ, रनिंग अ फीवर म्हणजेही तेच. इथे ‘चालू आहे’ हे चित्र धरा, अंगात ताप चालू आहे, थांबलेला नाही. त्याच्या शेजारीच रनिंग नोज, तिथे आपलं ‘वाहणे’ चपखल बसतं, नाक वाहतंय. आणि डॉक्टर विचारतात, डज इट रन इन द फॅमिली, तेव्हा ते विचारत असतात की हा आजार तुमच्या घराण्यात चालत आलाय का. बघा, मराठीतही ‘चालत आलाय’च. शुगर, बीपी, दमा, आणि चांगल्या गोष्टीही बरं का, गाता गळा, उंची, हे सगळं रन्स इन द फॅमिली. पोराचे केस कुरळे असतील नि आजोबांचेही असतील तर हेच वाक्य.

अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधून: बाबा लोको पायलट होते. लहानपणी ते म्हणायचे, आज रनिंग रूमला झोपलो. मला वाटायचं की तिथे ड्रायव्हर लोक धावायची प्रॅक्टिस करतात. आता पन्नाशीला आलो तरी नीट माहीत नाही.

काका, उलटं आहे, रनिंग रूम ही धावण्याची नाही, आरामाची जागा. रेल्वेत जे लोक चालत्या गाडीवर काम करतात, लोको पायलट, असिस्टंट, आणि गार्ड ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते सगळे रनिंग स्टाफ. स्टेशन मास्तर, बुकिंग क्लार्क हे त्यात नाहीत, कारण ते एका जागी असतात. रनिंग स्टाफ आपल्या गावापासून लांब गाडी सोडतो तेव्हा परतीच्या गाडीपर्यंत जिथे जेवायचं-झोपायचं ती रनिंग रूम. तुम्ही लिहिलंय की बाबा परत आले की त्यांच्या पेटीतून स्टीलचा डबा निघायचा आणि त्याला डिझेलचा वास यायचा. हे वाचून मला त्या शब्दाचा अर्थ नव्याने कळल्यासारखं झालं.

आणि स्टेशनवरची अनाउन्समेंट आठवा, गाडी दोन तास उशिराने धावत आहे. ते रनिंग लेटचं शब्दाला शब्द भाषांतर. घरी आपण असं बोलतो का? दोन तास लेट आहे म्हणतो. जी गाडी कुठेतरी सिग्नलला उभी आहे ती ‘धावत आहे’ हे मराठी कानाला खटकतंच, इंग्रजीत मात्र खटकत नाही, कारण त्यांच्या रनमध्ये पाय नाहीतच, फक्त चालू असणं आहे. माणसांनाही तेच, मीटिंगला उशीर होत असेल तर आय ॲम रनिंग लेट, मग तुम्ही ऑटोत बसलेले असा नाहीतर सिग्नलला अडकलेले.

प्रतापनगरहून एक कॉलेज विद्यार्थिनी: क्रिकेटमध्ये रन आउट माहीत आहे. पण माझी रूममेट म्हणते, वुई आर रन आउट ऑफ मिल्क. दूध कसं रन आउट होईल? आणि वाक्य बरोबर आहे का?

दूध होतं गं. पण तिचं वाक्य थोडं दुरुस्त करू. बरोबर असं: वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क, किंवा नुसतं वुई आर आउट ऑफ मिल्क. तिने दोन्हींची खिचडी केलीय. आणि हॅवच्या पुढे रॅन नाही, रनच, कारण रूपं आहेत रन, रॅन, रन. आय हॅव रॅन असं मी चांगल्या चांगल्या ऑफिसांच्या मेलमध्ये पाहिलंय, ते चूक आहे, पक्कं लक्षात ठेव.

गंमत कुठे आहे ती बघ. मराठीत आपण म्हणतो दूध संपलं. संपण्याचं काम दुधाने केलं, आपण नुसते रिकामं पातेलं हातात धरून उभे. इंग्रजीत दूध रॅन आउट असंही म्हणतात, पण जास्त करून माणूस पुढे येतो, वुई रॅन आउट ऑफ मिल्क, म्हणजे जणू आपणच चालत चालत दुधाच्या हद्दीबाहेर निघून गेलो. कर्ता बदलला की सगळं वाक्य फिरतं. मराठीतून मनात भाषांतर करणाऱ्याची गाडी इथेच अडकते, तो म्हणतो माय मिल्क इज फिनिश्ड. समजतं सगळ्यांना, पण कानाला मराठी लागतं.

तुला एक दिवस आठवतो का, जानेवारी २०२४ ची सुरुवात, ट्रकवाल्यांचा संप? नव्या कायद्यात हिट अँड रनची शिक्षा वाढवली म्हणून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या आणि आपल्या नागपुरात पेट्रोल पंपांवर ही भली मोठी लाइन. मी स्वतः स्कूटी घेऊन दीड तास उभी होते, माझ्या पुढे एक मुलगा प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या घेऊन, मागे एक काकू ज्यांच्या गाडीचा काटा केव्हाच खाली गेलेला आणि त्या गाडी ढकलत आलेल्या, आणि आमचा नंबर येईपर्यंत पंपवाल्याने दोरी बांधली. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात हेच चाललं होतं की एका दिवसात ‘रन’ची किती रूपं भेटली. कायद्यातलं हिट अँड रन, म्हणजे धडक देऊन पळून जाणं, इथे मात्र खरंखुरं पळणं आहे. काकूंची गाडी रॅन आउट ऑफ पेट्रोल. पंप रॅन ड्राय, म्हणजे कोरडा पडला. आणि लोक घाबरून एकदम पंपावर तुटून पडले तो अ रन ऑन पेट्रोल. बँकेबद्दल अफवा उठली की सगळे आपले पैसे काढायला एकाच दिवशी रांगा लावतात तो रन ऑन द बँक, हा शब्द पेपरमध्ये नेहमी येतो.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर रनर-अपचंही सांगून टाकते, दोन मुलांनी विचारलंय. जो उपविजेता तो रनर-अप, हा शब्द मूळचा कुत्र्यांच्या शर्यतीतला आहे, शेवटच्या फेरीपर्यंत न हरलेला आणि फक्त फायनल गमावलेला कुत्रा. २०२३-२४ च्या रणजीत फायनलला मुंबईने हरवलं तेव्हा विदर्भ रनर-अप, आणि पुढच्याच मोसमात आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर केरळविरुद्ध चॅम्पियन. अनेकवचन करताना रनर-अप्स नाही, रनर्स-अप.

धंतोलीहून एक वकील: अमेरिकन बातम्यांत ‘रन फॉर प्रेसिडेंट’ म्हणतात, ब्रिटिश पेपरात ‘स्टँड फॉर इलेक्शन’. बरोबर कोणतं?

दोन्ही. अमेरिकेत धावतात, इंग्लंडमध्ये उभे राहतात. आपण मराठीत उभेच राहतो, तिकीट मिळालं की अमुक भाऊ उभे राहिले म्हणतो, त्यामुळे ‘स्टँड’ आपल्याला जवळचं. एकाच कागदात मात्र एकच वापरा.

हे पत्र मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. एक वाचक, आता पुण्यात, मूळच्या नागपूरच्या: माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. आमचं घर, माझं शिक्षण, सगळं त्या मिलच्या पगारावर झालं. गेल्या महिन्यात माझ्या बॉसने माझा रिपोर्ट वाचून म्हटलं की इट इज रन ऑफ द मिल. मी थँक यू सर म्हटलं. खरंच सांगते मॅडम, मिल हा शब्द ऐकून मला बरंच वाटलं होतं. नंतर मैत्रिणीने अर्थ सांगितला. तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये. मिलचं नाव असं का वापरतात?

तुमचं पत्र वाचून मलाही गलबललं, कारण त्या भागातल्या घरांमधली कितीतरी मुलं मी शिकवलीत.

रन ऑफ द मिल म्हणजे साधारण, चारचौघांसारखं, खास काही नाही. बॉसचा अर्थ तोच होता. पण हा शब्द आला कुठून ते बघा. मिलमध्ये माग चालू असतो, एका दमात जेवढा माल निघाला तेवढा त्याचा एक ‘रन’. तो माल तपासून, निवडून, प्रतवारी लावायच्या आधी जसा निघाला तसा, चांगला-वाईट एकत्र, तो रन ऑफ द मिल. म्हणजे वाईट माल असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. न निवडलेला, एवढाच. त्यात उत्तम कापडही असायचं, फक्त अजून कोणी बाजूला काढलेलं नसायचं. ‘साधारण’ हा अर्थ मागाहून चिकटला.

याचा सख्खा भाऊ आपल्या नागपुरात आजही रोजच्या कामात आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथेच, तिथल्या कोणालाही विचारा, खाणीतून निघालेला, न चाळलेला, न निवडलेला कोळसा म्हणजे रन ऑफ माइन, आरओएम. कोणी तो शिवी म्हणून वापरत नाही, बिलावर लिहिलेला असतो.

आणि मिलबद्दल. जमशेटजी टाटांनी ती मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून जमशेटजींनी नागपूर निवडलं कारण कापूस इथे पिकत होता. आता तिथे मॉल आहे. तुमचे बाबा ज्या मागावर उभे राहिले तिथून निघालेल्या प्रत्येक थानाला कोणीतरी हात लावून, उजेडाला धरून, दोष बघून बाजूला ठेवत असणार. ते निवडणं हे कसबाचं काम. म्हणून बॉसला काय उत्तर द्यायचं असं तुम्ही विचारलंय तर माझा सल्ला असा की शांतपणे विचारा, व्हिच पार्ट्स? कोणता भाग साधारण वाटला, कुठे कमी पडलं? नुसतं रन ऑफ द मिल म्हणून मोकळं होणं म्हणजे निवडायची मेहनत न घेणं.

छोट्या छोट्या शंका खूप आहेत, एकेकीला वेगळी जागा देत नाही, एका दमात सांगते. सदरच्या एका मुलाने निबंधात लिहिलं, आय रॅन ओव्हर माय टीचर इन बर्डी. बाळा, रन ओव्हर म्हणजे अंगावरून गाडी नेणं! तुला म्हणायचं होतं रॅन इन्टू, म्हणजे बर्डीला अचानक भेट झाली. रन अक्रॉसही जवळपास तेच, पण ते वस्तूंनाही चालतं, जुना फोटो सापडला, आय रॅन अक्रॉस ॲन ओल्ड फोटो. रन डाउन म्हणजे नावं ठेवणं, आणि एखादी इमारत किंवा माणूस रन-डाउन असेल तर मोडकळीला आलेला, थकलेला. ऑफिसात म्हणतात लेट मी रन धिस बाय यू, म्हणजे तुमच्या कानावर घालतो, मत सांगा. लेट अस रन थ्रू इट म्हणजे एकदा भराभर नजर फिरवू. ड्राय रन ही रंगीत तालीम, फंक्शनच्या आदल्या दिवशीची. इन द लाँग रन म्हणजे पुढे जाऊन, शेवटी बघता. रन अ रिस्क, धोका पत्करणे. रन अमोक म्हणजे बेभान होऊन सुटणे, यातला अमोक मलय भाषेतून आलाय. आणि गणेशपेठच्या आजींनी विचारलंय की नातू रनिंग एरंड्स म्हणतो ते काय, तर आजी, तो तुमची बाहेरची किरकोळ कामं करून येतो, दळण, औषध, लाईट बिल, त्याला एरंड म्हणतात, आणि ती करत फिरणं म्हणजे रनिंग एरंड्स.

शेवटचं पत्र, महालमधून, निवृत्त शिक्षक: बाई, एका शब्दाला ६४५ अर्थ म्हणजे इंग्रजी किती श्रीमंत! आपल्या मराठीत असं काही आहे का?

सर, आहे, आणि तुम्ही ते रोज पन्नास वेळा वापरता, तुमच्या लक्षात येत नाही इतकंच. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. झोप लागते आणि डोळाही लागतो. वेड लागतं, लळा लागतो, दृष्ट लागते. वरण खारट लागतं. यायला वेळ लागतो, पैसे लागतात. टॉकीजला पिक्चर लागतो. दार लागतं. वर्धा रोडने निघालं की बुटीबोरी लागतं. पोरगं रडू लागतं. मनात नसलं तरी जावं लागतं. हे मी विचार न करता एका बैठकीत लिहिलं, डिक्शनरी न उघडता, आणि यातल्या बहुतेकांना इंग्रजीत दुसऱ्याचा शब्द चालत नाही. ठेच लागली ते वेगळं, निकाल लागला ते वेगळं, गोड लागलं ते वेगळंच. परदेशातून मराठी शिकायला आलेला माणूस या एका शब्दापुढे तसाच गोंधळतो जसा आपला इतवारीतला मुलगा ‘रन’पुढे गोंधळला.

माझी आजी दारात कोणी नवं माणूस आलं की पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मला हळूच विचारायची, हा आपला कोण लागतो गं? मी खूप वर्षांपासून हे वाक्य इंग्रजीत न्यायचा प्रयत्न करतेय. हाऊ इज ही रिलेटेड टू अस, एवढंच होतं. त्यातलं ते लागणं, माणूस माणसाला लागून असणं, ते काही येत नाही. कोणाला जमलं तर मला लिहून पाठवा. ‘लागणे’ची माझ्याकडून सुटलेली वाक्यं पण पाठवा, खास नागपुरी असतील तर आधी पाठवा. ‘गेट’ची अकरा पत्रं आलीत, ती पुढच्या अंकात.